त्या दिवशी ती कुणाच्यात जेवली?

दसरा झाला की आमच्या गल्लीत कुलपांचे आवाज सुरू होतात. आधी खालच्या आळीत, मग पाराकडं, मग अगदी माझ्या शेजारच्या दाराला. शिरूरच्या बाजारात या दिवसांत सीताफळं आणि कुलपं एकाच ओळीत विकायला बसतात आणि दोन्हींचं गिऱ्हाईक तेच असतं. सीताफळं वाटेत खायला, कुलूप मागं लावायला. यंदाही काल सकाळपासून तीन ट्रॅक्टर भरले. खाली पत्रे, पत्र्यांवर गोवऱ्यांची पोती, पोत्यांवर उलटी बाज, कोंबड्यांचं डालगं, पिठाचे डबे आणि सगळ्याच्या वर पोरं. शेळीला शेवटी चढवतात. ती पहिल्यापासून नको म्हणत असते, पण तिला विचारतंय कोण!

मी ओट्यावर उभी राहून बघते. आता बघते. पूर्वी बघत नव्हते. हे एवढं सांगायला मला अकरा वर्षं लागली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते मी. पोरं मला पाठीमागं 'कडक चहा' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे पोरांनाही ठाऊक आहे. बाकीचे शिक्षक शिरूरहून नाहीतर बीडहून येऊन-जाऊन करतात. माझा एकटा जीव, म्हणून गावातच दोन खोल्या घेऊन राहिले. मला एकच खूळ होतं, लेखकांचं. लहानपणी मला वाटायचं गोष्टीची पुस्तकं साखरेसारखी कारखान्यात तयार होतात. ती कुणी माणूस बसून लिहितो हे कळलं तेव्हा मी डी.एड.ला होते. आपल्या पोरांना इतकं उशिरा कळू नये, म्हणून दरवर्षी मुलांसाठी लिहिणाऱ्या एका तरी माणसाला मी गावात आणायची. पत्रं लिहायची, फोन करायची, परत फोन करायची. शेवटी ते कंटाळून यायचे.

कार्यक्रमाचं नाव 'लेखकाशी गप्पा'. दिवस ठरलेला, दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार. कारण त्यानंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, दूर कारखान्यांच्या रानात, सहा-सहा महिने. पाहुण्यांच्या फोटोत वर्ग भरलेला दिसायला नको का?

आता चिठ्ठ्यांचं सांगते. पहिल्या वर्षी एका पोरानं लेखकांना विचारलं, तुमाला टक्कल कावून पडलं? दुसरा उठला आणि म्हणाला, तुमी दिसभर लिवत बसता तर घरची मानसं वरडत न्हाईत का? लेखक हसून हसून बेजार झाले, पण शेजारी बसलेल्या आमच्या शिक्षणखात्याच्या साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी समज दिली. तेव्हापासून प्रश्न मी लिहायला लागले. कोऱ्या कागदाच्या आठ चिठ्ठ्या कापायच्या, त्यावर ठळक अक्षरात आठ प्रश्न लिहायचे आणि आठ शहाण्या पोरांना वाटायच्या. 'आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?' 'आपले आवडते पुस्तक कोणते?' कार्यक्रम संपला की चिठ्ठ्या परत गोळा करायच्या, अहवालाच्या फायलीला लावायच्या. बाकी शाळांनीही माझं बघून हेच सुरू केलं. मला त्याचा केवढा अभिमान होता!

ज्या वर्षाचं हे चाललंय त्या वर्षी पुण्याचे एक लेखक आले होते. पिकलेले केस, हळू आवाज, पोर बोललं की कमरेत वाकून ऐकायची सवय. आम्ही हारतुऱ्याऐवजी त्यांना सीताफळांची पाटी दिली. दोन-तीन फळं जास्तच पिकलेली होती, सगळ्या खोलीत तो गोड, जडसर वास भरून राहिला होता. आजही या दिवसांत बाजारातून जाताना तो वास आला की मी पदर नाकाला लावते आणि भाजी न घेताच परत फिरते.

त्यांनी आपल्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. आमच्याचसारखं गाव, आमच्याचसारखी पोरगी. आईबाप ऊसतोडीला निघतात. पोरगी म्हणते, मी येत नाही, मला शिकायचंय. ट्रक निघतो, पोरगी पुलावर उभी राहून हात हलवते, धुरळ्यात ट्रक दिसेनासा होतो. प्रकरण संपलं. पुढचं प्रकरण उघडतं ते सहा महिन्यांनी. आईबाप परत आलेत आणि पोरगी वर्गात पहिली आलीय. फार सुंदर वाचलं त्यांनी. आमचे हेडसर चष्मा काढून डोळे पुसत होते. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

शीतल त्या वर्षी आठवीत होती. खिडकीखालच्या रांगेत तिसरी. हाडाची काटकुळी, केसांना दोन रंगांच्या रिबिनी आणि वाचनाचं असं वेड की वाण्यानं पुडी बांधून दिलेला कागदही सोडायची नाही. तोवर ती कधी फडावर गेली नव्हती. तिची मोठी चुलती गुडघ्यानं अधू होती. ती मागं घरी राहायची आणि शीतल तिच्याजवळ. त्या वर्षी चुलतीचा लेक म्हणाला, कोपीवर, म्हणजे फडावरच्या खोपटात, स्वयंपाकाला आणि लेकरं सांभाळायला माणूस पाहिजे. त्यामुळे चुलतीही निघाली. हे शीतलनंच मला सांगितलं होतं, दसऱ्याच्या आधी, फळा पुसता पुसता. "बाई, औंदा चुलतीबी चालली." मी वह्या तपासत होते. मी म्हणाले, "बघू." आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे नाहीच असतं, फक्त ऐकायला बरं वाटतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. ती पोरगीच तशी होती.

तर त्या शनिवारी तिच्या वाट्याला प्रेरणेची चिठ्ठी आली होती. वाचन संपलं, लेखक म्हणाले, "मुलांनो, आता काहीही विचारा." मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते आणि पोरं त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. शीतलची पाळी आली. ती उठली, लेखकांना ओलांडून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"बाई, म्या दुसरं इचारू का?"

मी तितक्याच हळू म्हणाले, "चिठ्ठीवरचं वाच. पाहुण्यांसमोर शहाणपणा नको."

तिनं वाचलं. खणखणीत वाचलं, एक अक्षर चुकली नाही. लेखकांना प्रेरणा त्यांच्या गावच्या नदीपासून मिळाली होती. ते दहा मिनिटं नदीवर बोलले, टाळ्या झाल्या. मग सातजणांनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. शीतल पुन्हा माझ्याजवळ आली आणि तिची चिठ्ठी तिनं माझ्या तळहातावर ठेवली. कोरी बाजू वर. ठेवून उभी राहिली. मी बघितलं नाही, कारण पाहुण्यांच्या चहात साखर घातली की नाही ते मला बघायचं होतं. मुठीतली चिठ्ठी पर्समध्ये टाकत मी तिला म्हणाले, जा, रांगेत बस.

सोमवारी सकाळी ऊसतोडीची टोळी निघाली. शाळेसमोरूनच रस्ता जातो. प्रार्थनेला डोळे मिटायचे हा शाळेत माझाच नियम, आणि तो मोडला तर मी कान धरायची. प्रार्थना चालू असताना ट्रॅक्टर आला. त्याच्यावरचं गाणं लांबूनच ऐकू येत होतं. शाळेपाशी आल्यावर कुणीतरी ते बंद केलं. नुसत्या इंजिनाची घरघर राहिली. फाटकासमोर ट्रॅक्टर अगदी सावकाश झाला, तिथं खड्डा आहे म्हणून. शीतल त्यावर असणार हे मला माहीत होतं. तिच्या मांडीवर कोंबड्यांचं डालगं होतं, असं नंतर पोरांनी सांगितलं. म्हणजे पोरांनी डोळे उघडले होते. मी उघडले नाहीत. नियम पाळत होते असं नाही. उघडले असते तर तिच्याकडं बघावं लागलं असतं, एवढंच. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात तपासणी निघाली. भर दुपारी मी शाळेत बसून फायली लावत होते. फोटो, हजेरी, अहवाल. एक चिठ्ठी कमी पडत होती. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडली. उलटी झाली म्हणून दिसलं, मागं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, शीतलच्या गोल गोल अक्षरात:

'ट्रक गेल्यावर त्या दिवशी ती कुणाच्यात जेवली?'

आधी मला हसूच आलं. काय पण प्रश्न! मग मी ते प्रकरण आठवलं. पूल, धुरळा, सहा महिने. खरंच की, ट्रक गेला तेव्हा सकाळ होती. दुपार तर झालीच असेल ना? घराला कुलूप. पिठाचा डबा ट्रकवर. मग त्या पोरीला भाकरी कुणी वाढली? गोष्ट लिहिणाऱ्याला सुचलं नाही, हेडसरांना सुचलं नाही, आणि मी तर रडत होते. जिला खरोखर मागं राहायचं होतं तिलाच तेवढं सुचलं. हा प्रश्न तिनं लेखकांना विचारायला घेतला होता. मी विचारू दिला नाही, तेव्हा तिनं तो ज्याचा त्याच्या हातात आणून दिला. आमच्या गल्लीत दसऱ्यानंतर रोज दोन वेळा पेटणारी चूल एकच होती, माझी. दोन खोल्या, एक बाई. फायली तशाच पडून राहिल्या.

पण मी खमकी बाई. म्हटलं, अजून वेळ गेली नाही. चैत्रात टोळ्या येतात, येऊ दे. पुढच्या हंगामाला तिला माझ्याकडं ठेवायची. तिच्या बापाशी मी बोलते, बघते कसा नाही म्हणतो ते. शिरूरला गेले, भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं ताट घेतलं. आमच्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात. दुकानदारानं मशीन हातात घेऊन विचारलं, काय टाकू? मी सांगितलं, शीतल. तो म्हणाला, कोण लागते? मी म्हणाले, पोरगी. मशीनची किरकिर दाताला लागत होती आणि मी उगाचच खुशीत होते.

टोळ्या आल्या. कुलपं निघाली, आड्याला टांगलेल्या झोळ्या खाली आल्या, गल्लीत पुन्हा धूर दिसायला लागला. शीतलच्या घरी सगळे आले होते. शीतल आली नव्हती. तिची आई धुणं वाळत घालत होती. तिनं सांगितलं की फडावरच जमलं, लग्न उरकलं. दुसऱ्या टोळीतला पोरगा आहे, चांगलं ठिकाण आहे, त्याला जोडीला माणूस पाहिजे होतं. ऊस एकट्यानं तोडता येत नाही. एक तोडतो, एक मोळी बांधतो. त्या दोघांचा मिळून हिशेबात एक कोयता धरतात. माझा आवाज चढला. आठवीतली पोर, हा गुन्हा आहे, मी तक्रार करीन, असं बरंच बोलले. आजूबाजूच्या बाया दारात आल्या. तिची आई ओरडली नाही, रडली नाही. हातातलं लुगडं पिळता पिळता म्हणाली,

"कोपीत तरनी पोर कुनाच्या जिवावर ठिवायची, बाई? आन मागं ठिवायला जागा कुठं व्हती?"

मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार होते? जूनमध्ये हजेरीपटावरून तिचं नाव कमी केलं, लाल शाईची रेघ मीच ओढली. ती कुठं आहे ते नीट कळलं नाही. कुणी म्हणे कर्नाटकाकडं, कुणी म्हणे नवऱ्याच्या गावी. विचारलं की माणसं विषय बदलतात.

ताट मात्र मांडणीवर राहिलं. मी एकटी जेवायला बसते आणि समोर ते असतं. पालथं घालून पाहिलं तरी नाव काठावरच आहे, दिसतंच. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! पुढच्या वर्षापासून मी पोरी ठेवायला लागले. कधी दोन, कधी तीन. यंदा तिघी आहेत. आता सरकारी सोयही कुठं कुठं झालीय, पण गावात आयत्या वेळी एखादी तरी राहतेच आणि माझं दार सगळ्यांना माहीत आहे. पोरी गोड आहेत, भांडकुदळ आहेत, माझी नक्कल करतात. पण ते ताट कुणी घेत नाही. मी कधी मना केलेलं नाही. परवा मी दाराआडून ऐकलं. धाकटी नवीन पोरगी विचारत होती, ही शीतल कोण? तर मोठीनं तिला समजावलं की आपण शाळेत गेलो की शीतलताई येती, जेवती, ताट घासून ठिवून जाती. "म्हून तर ते कवाबी चकचकीत आस्तं." चकचकीत असतं, कारण मी घासते. रोज, वापरलेलं नसताना. मी दाराआडच उभी राहिले, आत गेले नाही.

लेखक अजूनही येतात. आता शाळेत मोठा टीव्ही आलाय, काहीजण त्याच्यावरूनच बोलतात. चिठ्ठ्या बंद झाल्या. पोरं टकलावर विचारतात, मांजरावर विचारतात, पुस्तकातला राक्षस संडासला कुठं जातो असंही एकानं विचारलं. विचारू देते. सगळ्यांचं झालं की मी सवयीनं म्हणते, "आणखी कुणाला काही?" आणि माझी नजर खिडकीखाली जाते, तिसऱ्या जागेवर. तिथं दरवर्षी दुसरंच पोर असतं आणि बाई आपल्याकडंच का बघतायत म्हणून ते घाबरून चुळबुळ करतं. पाहुणे चहाला थांबले की मग मी माझा प्रश्न काढते. ट्रक गेल्यावर ती कुणाच्यात जेवली? एकजण म्हणाले, लेखकानं सगळं सांगायचं नसतं, वाचकासाठी जागा सोडायची असते. मी म्हणाले, साहेब, जागा सोडा, पण त्या जागेत पोरगी उपाशी आहे. एक बाई होत्या, किशोरांसाठी लिहिणाऱ्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. मला त्यांचं ते लिहून घेणं फार बरं वाटलं.

आणि ते पुण्याचे लेखक? चिठ्ठी सापडल्यावर मी त्यांना फोन केला होता. वाचून दाखवली. मग ते म्हणाले की माझ्या लक्षातच आलं नाही हो, मी ते प्रकरण संपवलं आणि चहा प्यायला उठलो. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्यानंतर त्यांचा फोन येतो. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची तर मधलं प्रकरण लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. पण दरवर्षी तेच वाक्य, "बाई, ते अजून जमत नाही." त्यांना गाव ठाऊक नाही. मग मी त्यांना सांगत बसते. तूर फुलली की रान कसं पिवळं होतं, ज्वारीची पेरणी उरकून माणसं कशी पाठ फिरवतात, बंद दारांपुढं कुत्री कशी दोन-तीन दिवस बसून राहतात. हळूहळू मी सगळंच सांगून टाकलं. शीतल, चुलती, ताट. फक्त प्रार्थनेचं सोडून.

काल दुपारी त्यांचा फोन आला. रविवार होता, पोरी जेवायला बसल्या होत्या. त्यांचा आवाज आता थकलाय, मधेच खोकतात. म्हणाले, जमलं, बाई. फार नाही, दीडच पान आहे. वाचू का? मी भाकरी तव्यावरून उतरवली आणि गॅस बंद केला.

त्यांनी वाचलं. ट्रक जातो. पोरगी पुलावरून गावात परत येते. कुलपंच कुलपं. एकाच घरातून धूर निघत असतो. दारात बाई उभ्या असतात, हात कमरेवर, चिडल्यासारख्या. म्हणतात, किती उशीर, भाकरी गार झाली ना! आत पाट मांडलेला असतो, त्यापुढं ताट आणि ताटाच्या काठावर तिचं नाव. पोरगी नावावरून बोट फिरवते आणि जेवायला बसते.

मी रडले. पोरी घास तोंडात तसाच धरून बघायला लागल्या. मला ते पान इतकं आवडलं, इतकं की त्या पानावर जाऊन राहावंसं वाटलं. आणि मग मला भीती वाटली.

"छापू नका, सर," मी म्हणाले.

"का? चुकलं का काही?"

"ती वाचेल."

मी पदरानं तोंड पुसलं. म्हटलं, सर, ती पुडीचा कागदसुद्धा सोडायची नाही. आता चोवीस-पंचविशीची असेल, तिची पोरंबाळं शाळेत जात असतील, तुमचं पुस्तक कुठल्या तरी शाळेच्या पेटीतून तिच्या हातात जाईलच. तिनं हे वाचायचं? बाई दारात उभ्या होत्या म्हणून? मग मी त्यांना प्रार्थनेचं सांगितलं. खड्डा, बंद केलेलं गाणं, घरघर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पोरींच्या देखत.

बाहेर तेवढ्यात चौथा ट्रॅक्टर आला. मोठी पोरगी उठली आणि तिनं दार सताड उघडलं. वरच्या पोरांनी हात हलवले, तिघींनी हलवले, मीही फोन कानाशी धरून हलवला. धुरळा घरात आला, ताटांवर बसला. पलीकडं ते खोकत होते. मग त्यांनी विचारलं, "मग काय लिहू, बाई?"

"लिहा, बाईंनी डोळे मिटले होते. तेवढं लिहा आणि मग छापा."

"आणि ताट? ताट काढून टाकू?"

मी मांडणीकडं बघितलं.

"ताट राहू द्या," मी म्हणाले. "ताट खरं आहे."